मेरी कार: काय वाचावं, काय शिकावं?

प्रश्न: अमेरिकन आत्मकथन-लेखिका मेरी कार यांची पुस्तकं कुठल्या क्रमाने वाचावीत? वर्गात त्या नेमकं काय करून घेतात?

प्रतिसाद १: आधी ‘द लायर्स क्लब’ (१९९५), टेक्सासमधलं बालपण. मग ‘चेरी’, ‘लिट’ (२००९). आत्मकथनाच्या लेखनतंत्रावरचं ‘द आर्ट ऑफ मेमॉयर’ (२०१५) शेवटी. मुळात कवयित्री आहेत, घाईने वाचू नका.

प्रतिसाद २: सिरॅक्यूज विद्यापीठात शिकवतात. त्यांचा गाजलेला प्रयोग: वर्गात ठरवून भांडण घडवायचं, मग प्रत्येकाने जे दिसलं ते लिहायचं. कोण आधी चिडलं, कोण मागे सरलं, यावरही एकमत होत नाही. स्मृती कसा दगा देते ते यातून लख्ख कळतं.

प्रतिसाद ३: ज्यांच्याबद्दल लिहायचंय त्यांना त्या आधी कळवतात आणि छपाईपूर्वी हस्तलिखित दाखवतात. मात्र अर्धवट खर्डा दाखवू नका. घरच्यांच्या धाकाने हात आखडतो.