मदत हवी आहे: मॉडेल गाडीच्या छताच्या सांध्याची रेघ रंगानंतर पुन्हा उमटते

१/२५ मापाची १९३२ फोर्ड कूपे, पॉलिस्टायरीन प्लास्टिकचं किट. छत ३ मिमी खाली घेतलंय, म्हणजे खऱ्या गाडीत ३ इंच. काचांच्या बाजूचे छताचे खांब तिरके, त्यामुळे छत आखूड पडलं. मधोमध आडवं कापून १ मिमीची पट्टी घातली. त्रास त्याच सांध्याचा. प्रायमरवर नख फिरवलं तर काहीच लागत नव्हतं. लाल रंग आणि क्लिअर (वरचा पारदर्शक थर) मारून दहा दिवस झाले आणि आता ट्यूबलाइटचं प्रतिबिंब नेमकं तिथेच मोडतं.

आधी एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुटी भरली होती. ती सुकताना आकसते, शिवाय तिचं थिनर प्लास्टिक मऊ करतं. दुसऱ्या बॉडीवर सुपरग्लू आणि टाल्कम पावडर वापरून पाहिलं. ते आकसत नाही, पण रात्रभर ठेवलं तर प्लास्टिकपेक्षा कडक होतं आणि ४०० च्या पॉलिश पेपरने घासताना बाजूचं प्लास्टिकच आधी झिजतं.

एअरब्रश नाही, स्प्रे कॅनच आहेत. बडोद्यात सध्या हवा फार दमट. छताची जाडी जेमतेम १ मिमी, पुटी भरायला सांध्यावर खोल खाच मारता येणार नाही. रंग उतरवायची तयारी आहे.

हार्डनरवाली पॉलिस्टर पुटी इतक्या पातळ प्लास्टिकवर चालेल, की इपॉक्सीच बरी? आणि या हवेत प्रायमरआधी किती दिवस थांबायचं?