मदत हवी आहे: ऑटोमॉर्फिझम-इन्व्हेरियंट मॉड्यूल क्वासी-इंजेक्टिव्ह असतोच, ही माझी सिद्धता नेमकी कुठे चुकते?

नमस्कार मंडळी,

तीन रात्री एकाच पानाच्या सिद्धतेत अडकून पडले आहे. ती चुकली आहे हे पक्कं, कारण तिच्या विरुद्ध जाणारं उदाहरण समोर छापील दिसतंय. पण चुकीची ओळ कोणती, ते काही केल्या सापडत नाही.

मी सांगलीची. एम.एस्सी. कोल्हापूरला झालं. सकाळी ज्युनिअर कॉलेजला तासिका तत्त्वावर शिकवते आणि दुपारी मार्केट यार्डात वडिलांच्या अडत दुकानात हिशेब बघते. पीएच.डी. रिंग थिअरीतच करायची हे मनाशी ठरलंय, पण या विषयावर बोलायला आसपास कुणी नाही. एका सरांना विचारलं तर म्हणाले, "हे कशाला, सेटला यातलं काही येत नाही." वाईट वाटलं. मला हे सेटसाठी, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेसाठी, नकोच आहे.

आतापर्यंत जे समजलंय ते आधी लिहिते, म्हणजे पायातच चूक असेल तर कळेल.

मॉड्यूल म्हणजे व्हेक्टर स्पेससारखीच रचना, फक्त गुणायचे आकडे फील्डऐवजी रिंगमधले (रिंग म्हणजे पूर्णांकांसारखी बेरीज, वजाबाकी, गुणाकार असलेली रचना). इंजेक्टिव्ह मॉड्यूल म्हणजे ज्याच्याकडे येणारा होमोमॉर्फिझम (रचना जपणारा मॅप) सबमॉड्यूलवर दिलेला असला तरी पूर्ण मॉड्यूलवर वाढवता येतो. बेअर यांनी १९४० मध्ये दाखवलं की सगळे मॉड्यूल धुंडाळायची गरज नाही, रिंगच्या आयडियलवर तपासलं की पुरतं. पूर्णांक स्वतःवर इंजेक्टिव्ह नाहीत: सम संख्यांवर २ ला १ कडे नेणारा मॅप घेतला, तर तो वाढवताना १ ला अर्ध्याकडे न्यावं लागेल, आणि अर्धा तिथे नाहीच. परिमेय संख्यांत तो आहे, म्हणून त्या इंजेक्टिव्ह.

ही अट फार कडक, म्हणून ती सैल करत गेले. मॉड्यूलला एम म्हणू. क्वासी-इंजेक्टिव्हमध्ये फक्त एम च्या स्वतःच्या सबमॉड्यूलवरून एम मध्ये येणारे मॅप वाढले पाहिजेत. मॉड्युलो ४ चे पूर्णांक तसे आहेत, पण इंजेक्टिव्ह नाहीत. जॉन्सन आणि वाँग यांनी १९६१ मध्ये हेच इंजेक्टिव्ह हलच्या (एम ला सामावणाऱ्या सगळ्यात लहान इंजेक्टिव्ह मॉड्यूलच्या) भाषेत सांगितलं: एम क्वासी-इंजेक्टिव्ह असतो तो तेव्हाच, जेव्हा त्याच्या हलचा प्रत्येक एंडोमॉर्फिझम (हलमधून हलमध्येच जाणारा मॅप) एम ला एम मध्येच ठेवतो. पुढे जैन आणि सिंग यांनी १९६७ मध्ये आणखी सैल केलं: फक्त एकास-एक मॅप वाढले की झालं. हे सूडो-इंजेक्टिव्ह. आणि २०१३ मध्ये एर, सिंग आणि श्रीवास्तव यांनी सिद्ध केलं की सूडो-इंजेक्टिव्ह म्हणजे बरोबर तेच मॉड्यूल, जे हलच्या प्रत्येक ऑटोमॉर्फिझमखाली (उलटवता येणाऱ्या एंडोमॉर्फिझमखाली) स्वतःतच राहतात, म्हणजे ऑटोमॉर्फिझम-इन्व्हेरियंट. हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा मी वही मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले होते. इतक्या वेगळ्या दिसणाऱ्या दोन गोष्टी एकच निघाव्यात!

आता माझी सिद्धता. एम ऑटोमॉर्फिझम-इन्व्हेरियंट धरला. एफ हा हलचा कुठलाही एंडोमॉर्फिझम; तो एम ला एम मध्येच ठेवतो हे दाखवायचं. हल अविभाज्य (आणखी तुकडे न पडणारा) असेल तर त्याच्या एंडोमॉर्फिझमची रिंग लोकल, म्हणून एफ किंवा १ वजा एफ (१ म्हणजे आयडेंटिटी, सगळं जागच्या जागी ठेवणारा मॅप) यांपैकी एक तरी ऑटोमॉर्फिझम. एफ असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर एफ म्हणजे १ मधून (१ वजा एफ) वजा केलेला. दोन्ही एम ला आत ठेवतात, म्हणून एफ सुद्धा ठेवतो. हल अनेक अविभाज्य तुकड्यांची बेरीज असेल, तर एका तुकड्यातून दुसऱ्यात जाणारा मॅप जी घ्या: १ अधिक जी हा ऑटोमॉर्फिझम, त्यातून १ वजा केला की जी. राहिले तुकड्यांवरचे स्वतःचे मॅप. तिथे मी लिहिलंय, "प्रत्येक तुकड्यावर वरीलप्रमाणेच."

आणि उलट उदाहरण असं: दोन घटकांच्या फील्डवरच्या ३×३ मॅट्रिक्स, पहिली ओळ पूर्ण मोकळी, खाली फक्त कर्णावरच्या जागा. एम म्हणजे पहिली ओळ, उजवा मॉड्यूल. हा ऑटोमॉर्फिझम-इन्व्हेरियंट आहे, पण क्वासी-इंजेक्टिव्ह नाही. का?

प्रतिसाद १

ताई, शेवटचंच वाक्य बघा. पहिल्या तुकड्यावर एफ ऑटोमॉर्फिझम असेल आणि दुसऱ्यावर नसेल तर?

प्रतिसाद २

वरच्यांनी नस बरोबर पकडली आहे. ताई, तुमच्याच उदाहरणात हल उघडून बघू. एम ची मिती ३, हलची ४. हलचे दोन तुकडे, प्रत्येकाची मिती २: एक खालची जागा, एक वरची. एका तुकड्यातून दुसऱ्यात शून्याखेरीज मॅप जात नाही, आणि प्रत्येक तुकड्यावर स्वतःचे मॅप दोनच, ० आणि १. म्हणजे हलचे एकूण एंडोमॉर्फिझम चारच: (०,०), (१,०), (०,१), (१,१). त्यांत ऑटोमॉर्फिझम एकटा (१,१), म्हणजे आयडेंटिटी. आयडेंटिटीखाली एम जागचा हलतच नाही, म्हणून ती अट आपोआप पुरी होते.

आता एम हलमध्ये कसा बसतो? खालच्या दोन्ही जागा त्याच्या, पण वरच्या दोन जागांवर सारखाच आकडा असेल तेवढाच भाग त्याचा. (१,०) लावलात की वरचे (१,१) होतात (१,०). आकडे वेगळे झाले, एम च्या बाहेर पडलात.

तुमची युक्ती एकेका तुकड्यावर खरी आहे. पहिल्या तुकड्यावरचा १ मिळवायला ऑटोमॉर्फिझम विषम संख्येने लागतात, दुसऱ्यावरचा ० मिळवायला सम संख्येने. या फील्डमध्ये अधिक आणि वजा एकच, त्यामुळे दुसरी वाट नाही. दोन्ही तुकड्यांवर एकाच वेळी तेच ऑटोमॉर्फिझम वापरायचे आहेत, मग सम आणि विषम एकत्र कसे जमणार?

तीन घटकांचं फील्ड घेतलं तर १ म्हणजे २ अधिक २, आणि ० म्हणजे १ अधिक २. दोन्हीकडे दोन-दोनच लागले. म्हणूनच गिल असेन्सिओ आणि श्रीवास्तव यांच्या प्रमेयात अट येते की एम च्या एंडोमॉर्फिझम रिंगची दोन घटकांच्या फील्डशी आयसोमॉर्फिक अशी प्रतिमा नसावी. ती नसेल तर तुमचं विधान खरं. तुमच्या उदाहरणात ती रिंग म्हणजे तेच फील्ड आहे.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सर, किती आभार मानू! "वरीलप्रमाणेच" लिहिताना मी दोन तुकड्यांसाठी दोन वेगवेगळी विधानं वापरत होते, हे तीन रात्रींत दिसलं नाही.

आज दुपारी हळदीचे सौदे आटोपल्यावर एका कोऱ्या पट्टीच्या पाठीमागे तीन घटकांच्या फील्डवर तेच करून पाहिलं. (१,२) हा तिथे ऑटोमॉर्फिझम आहे आणि तो वरच्या (१,१) ला (१,२) करतो. म्हणजे तिथे एम मुळात ऑटोमॉर्फिझम-इन्व्हेरियंटच नाही. कागद हळदीने पिवळा झालाय, तरी वहीत चिकटवून ठेवलाय.

मग पूर्णांकांवर मॉड्युलो २ आणि मॉड्युलो ४ ची बेरीज घेतली. तिथेही दोन घटकांचं फील्ड मध्ये येतं, पण तुकड्यांमध्ये येजा आहे: हलमध्ये मॉड्युलो २ म्हणजे अर्धे आणि मॉड्युलो ४ म्हणजे चतुर्थांश असं पाहिलं, तर पहिल्या घटकात दुसरा मिळवणारा ऑटोमॉर्फिझम चतुर्थांशाला पहिल्या जागी आणून ठेवतो, आणि तिथे तर फक्त अर्ध्यापर्यंतच परवानगी. म्हणजे हाही ऑटोमॉर्फिझम-इन्व्हेरियंट नाही. हे बरोबर आहे का, तेवढं कुणी तपासून द्याल?

आणि सांगली-मिरजेत कुणी हे वाचत असेल तर रविवारी सकाळी एकत्र बसून वाचू. विश्रामबागेत जागेची सोय मी करते. यानंतर कंटिन्यूअस मॉड्यूल सुरू करायचे आहेत.