पाण्याचा जोक जुना झाला, कोकणातला एखादा 'घातक पदार्थ' सुचवा

खाडीपलीकडचा
नमस्कार मंडळी. भाची आठवीत आहे, इथेच गुहागर तालुक्यात. २८ फेब्रुवारीला शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे आणि तिच्या डोक्यात तो डायहायड्रोजन मोनॉक्साईडवाला प्रकार बसलाय. माहीत नसेल त्यांच्यासाठी, पाण्यालाच असं भारदस्त नाव द्यायचं आणि मग सगळं खरंच लिहायचं, की नाकातोंडात गेलं तर माणूस मरतो, लोखंड गंजवतं, आम्लवर्षेत मुख्य हेच असतं, कॅन्सरच्या गाठीतसुद्धा सापडतं, आणि खाली बंदीसाठी सही मागायची. पण तिचे सर म्हणतात हे पोरांना यूट्यूबमुळे पाठ झालंय, आपल्याकडचं काहीतरी घे. तर कुठली साधी वस्तू चालेल? अट एकच, आमची आई बचत गटाचं कोकम सरबत विकते, तिच्या धंद्यावर येईल असं काही नको. आणि गावात खरीच बोंब उठायला नको, आमच्याकडे ग्रुपवर काही पडलं की दुपारपर्यंत चार वाड्या फिरून येतं.

रसायनवाली
सर म्हणतात ते बरोबर आहे पण भाचीला त्याचा इतिहास जरूर सांगा, कारण खरी मजा तिथेच आहे. अमेरिकेत मिशिगनमधल्या एका छोट्या गावच्या पेपरात १९८३ च्या एक एप्रिलला हे आधी आलं, नंतर १९९० च्या आसपास कॅलिफोर्नियातल्या कॉलेजच्या पोरांनी पत्रकं वाटली. पण गाजलं ते १९९७ ला, आयडाहोतल्या नेथन झोनर नावाच्या १४ वर्षांच्या मुलाने विज्ञान प्रदर्शनासाठीच ५० विद्यार्थ्यांना पत्रक दाखवलं आणि त्यातल्या ४३ जणांनी बंदी घाला म्हटलं. त्याचा प्रकल्प पाण्यावर नव्हताच, माणसं किती पटकन फसतात यावर होता. आणि पोरंच फसतात असं समजू नका हां, २००४ ला कॅलिफोर्नियातल्या अलिसो व्हिएहो शहराच्या नगरपालिकेत थर्माकोलच्या कपांवर बंदीचा विषय आला होता, आणि कारणांमध्ये एक हे, की कप बनवताना हे केमिकल वापरतात. न्यूझीलंडच्या एका खासदार बाईंनी तर २००७ ला मंत्र्यांना पत्र लिहून विचारलं होतं की यावर बंदी आणणार का.

मालवणी_माणूस
पाण्यावर बंदी घालूची तर आधी पाणी येवक व्हया मरे. आमच्या वाडयेत मे म्हयन्यात टँकर येता, तेवा ह्या केमिकलाची बंदी आधीच लागू असा 😂

खाडीपलीकडचा
😂😂 आमच्याकडे पण तेच, पावसात घर वाहून जायची पाळी आणि शिमगा झाला की हंडे घेऊन रांगेत.
रसायनवाली ताई, धन्यवाद, नगरपालिकेचं तर आम्हाला माहीतच नव्हतं. आता पदार्थ सुचवा.

आगरातला
शहाळं घ्या! शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर. पोटॅशियम म्हटलं की त्यातला थोडासा भाग किरणोत्सारी असतोच, पोटॅशियम-४०, आणि तो निम्मा व्हायला सव्वाशे कोटी वर्षं लागतात. वर अमेरिकेत मृत्युदंडाच्या इंजेक्शनात पोटॅशियम क्लोराईडच वापरतात. "किनाऱ्यावर पर्यटकांना किरणोत्सारी द्रव स्ट्रॉ घालून विकला जातो", एवढी एक ओळ पुरे आहे 😄 केळ्यात पण असतं, आपल्या अंगातसुद्धा असतं, पण ते लिहायचं नाही.

रसायनवाली
ओळ भारी आहे पण शहाळं नको. किडनीच्या पेशंटला पोटॅशियम जपून घ्या असं डॉक्टर खरंच सांगतात, त्यांच्यासाठी शहाळं हा जोक नाही. प्रदर्शनाला आलेल्या कुणाच्या घरी असा पेशंट असेल तर त्याला खरं काय नि खोटं काय ते कळायचं नाही.

हापूसवाला
मी जरा चिडून लिहितोय, समजून घ्या. आंब्याला हात लावू नका, एवढंच सांगायला आलोय. तुम्ही लिहाल इथिलीन, ज्वलनशील गॅस, पॉलिथिनच्या पिशव्या यापासून बनतात, आणि सगळं खरं असेल, फक्त हे सांगायचं राहील की आंबा हा गॅस स्वतःच सोडतो आणि त्यानेच पिकतो. रायपनिंग चेंबरमध्ये १०० पीपीएमपर्यंत (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर) इथिलीनला कायद्याने परवानगी आहे. बंदी आहे ती कॅल्शियम कार्बाईडवर, आणि ती योग्यच आहे, त्यात आर्सेनिक नि फॉस्फरसचे अंश असू शकतात. पण गिऱ्हाईकाला दोन्ही "केमिकल"च. दर सीझनला तो व्हिडिओ येतो ना, आंबा पाण्यात टाका, तरंगला तर कार्बाईडचा. अहो तरंगतो तो कोवळा काढलेला, बागायतदार तयार फळ ओळखायला हीच परीक्षा पिढ्यान्‌पिढ्या करतात, तयार हापूस बुडतो. कार्बाईडचा आणि त्याचा काय संबंध? पण पेटी परत येते ती येतेच, आणि व्हिडिओ टाकणारा काही भरपाई देत नाही. तुमच्या जोकमध्ये आणि त्या व्हिडिओत फरक एवढाच, की तुम्ही शेवटी खरं सांगता.

खाडीपलीकडचा
दादा, आंबा नाही घेत, शब्द दिला.

बिब्बा
गंमत बघा, ज्याला खरंच घाबरायला पाहिजे त्याला आपण कुणी घाबरत नाही. ओले काजूगर काढणाऱ्या बायकांचे हात बघितलेत कधी? हिरवी बी कापली की टरफलातलं तेल उडतं, बोटांची टोकं आधी काळी पडतात मग कातडीचे पापुद्रे निघतात, राख नाहीतर खोबरेल लावून बसतात बिचाऱ्या. त्या तेलाचं रसायन माझ्याच खानदानातलं, काजू, आंबा नि बिब्बा एका कुळातले 😄 ह्याच्यावर कुणी पत्रक काढत नाही. उसळ मात्र शेकड्याच्या भावाबद्दल कुरकुर करत सगळे खातात.

रसायनवाली
@बिब्बा अगदी खरं. माझं मत विचाराल तर मीठ घ्या. कुणाच्या धंद्याला धक्का नाही, मीठ खायचं कुणी सोडणार नाही आणि मालमसाला पाण्यापेक्षा जास्त आहे. फक्त भाचीने लिहिताना दोन गोष्टी पाळायच्या. एक म्हणजे प्रमाण कुठेही द्यायचं नाही, किती खाल्लं तर मरतो हे आलं की जोक संपला. दुसरं, भाषा ग्रामपंचायतीच्या नोटिशीची. "आढळून आले आहे" म्हटलं की कुणाला आढळलं हे आपल्याकडे कोणी विचारत नाही.

खाडीपलीकडचा
भाचीने रात्री बसून लिहिलं, मी फक्त शुद्धलेखन बघितलंय (आणि तेही तिने परत सुधारलं). बघा कसं वाटतंय:

"सर्व ग्रामस्थांना सूचित करण्यात येते की, आपल्या गावातील प्रत्येक घरात सोडियम क्लोराईड हा पदार्थ साध्या बरणीत साठवलेला आढळून आला आहे. यातील एक घटक पाण्यात टाकल्यास पेट घेतो, तर दुसरा १९१५ साली पहिल्या महायुद्धात विषारी वायू म्हणून सैनिकांवर सोडण्यात आला होता. सदर पदार्थामुळे होड्यांचे खिळे सडतात. खार बंधारा फुटून तो शेतात शिरल्यास भात करपते. अतिसेवनाने मृत्यू ओढवल्याची उदाहरणे आहेत. या पदार्थासाठी १९३० साली शिरोडा येथे लोक तुरुंगात गेले, यावरून त्याचे व्यसन किती जुने आहे हे लक्षात येईल. असे असूनही शालेय पोषण आहारात तो रोज मिसळला जातो. बंदीच्या मागणीसाठी खाली सही करावी."

आगरातला
शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह व्यसनात घातला, पोरगी पुढे जाणार 😂😂

हापूसवाला
हे छान आहे, हसलो. पण पोषण आहाराची ओळ काढा. कुणी तेवढाच फोटो काढून पुढे पाठवला तर खिचडी शिजवणाऱ्या ताईंना लोक जाब विचारायला जातील. त्याऐवजी लोणच्याचं घाला, सुक्या मासळीचं घाला.

रसायनवाली
+१. आणि फोटोचा मुद्दा महत्त्वाचा आहे, "हे मीठ आहे" ही ओळ त्याच कागदावर पाहिजे, मागच्या बाजूला नको. तळाशी लिहून वर पट्टी चिकटवा, सही केली की पट्टी उचलायची, आणि फोटो पट्टी उचलल्यावरच काढू द्यायचा. उघडलेल्या भागात प्रमाण लिहा, दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून जरा कमीच. शेजारी खऱ्या मिठाची वाटी आणि चमचा ठेवा. लोणचं-पापड-सुकट खाणाऱ्या आपल्या लोकांना तो चमचा बघून जरा घाम फुटेल, तो मात्र खरा.

खाडीपलीकडचा
पट्टीची आयडिया भाचीला जाम आवडली. खिचडी काढली, "सुकटीत व खारवलेल्या कैरीत" घातलंय. सह्यांच्या कागदावर वयाचा रकाना पण करणार म्हणते, मोठे जास्त फसतात की पोरं ते बघायला.

मालवणी_माणूस
उद्घाटनाक सरपंच येतले मा? पयली सही तेंचीच घेवा, वाचल्याशिवाय करतत.