शब्दचर्चा: ‘माउस मॉडेल’ला काय म्हणावे?

मीनल_क: आरोग्यविषयक मासिकासाठी लेख लिहितेय. विषय: क्लॅमिडिया या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या संसर्गाविरुद्धची रोगप्रतिकारशक्ती. दुसऱ्याच ओळीत ‘माउस मॉडेल’ (माणसाचा आजार समजून घ्यायला तो उंदरांमध्ये घडवून अभ्यासणे) आले आणि गाडी अडली. ‘उंदीर मॉडेल’ म्हटले की रॅम्पवर चालणारा उंदीर दिसतो! ‘उंदराचा नमुना’ म्हणजे तपासायला पाठवलेले सँपल. ‘मूषक प्रतिकृती’ चालेल?

जुना_खडू: प्रतिकृती नको. ती हुबेहूब असते, आणि इथे सगळी गोम हीच की उंदीर हुबेहूब नाही. परम्याचेच (गनोरिया) बघा ना. त्याचे जंतू निसर्गात फक्त माणसाला लागतात. मादी उंदराला आधी इस्ट्राडायॉल हे स्त्री-संप्रेरक आणि प्रतिजैविके टोचावी लागतात, तेव्हा कुठे चार दिवस संसर्ग टिकतो. या जंतूंना लोहही माणसाच्याच ट्रान्सफेरिनमधले (रक्तातले लोह वाहून नेणारे प्रथिन) हवे, उंदराचे चालत नाही.

शेवंता: ‘प्रारूप’?

जुना_खडू: प्रारूप मतदार यादी वाचून वाचून तो शब्द आता कच्च्या मसुद्याचा झाला हो.

पेट्री_डिश: प्रयोगशाळेत काही वर्षे हेच काम केले, म्हणून लिहिते. क्लॅमिडियासाठी बहुतेक वेळा या जंतूची मुरिडॅरम ही जात वापरतात. ती उंदरांचीच, नावातच ‘मूषककुळातली’ असा अर्थ आहे. १९४२च्या सुमारास उंदरांच्या फुफ्फुसांत सापडली, आणि १९९९पर्यंत माणसाला लागणाऱ्या ट्रॅकोमॅटिस या जातीचाच एक प्रकार समजली जायची. प्रयोगाआधी मादीला मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक देतात (आपल्याकडच्या ‘अंतरा’ या गर्भनिरोधक इंजेक्शनातले औषध तेच). साधारण चार आठवड्यांत संसर्ग आपोआप ओसरतो. सीडी४ टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) आणि इंटरफेरॉन-गॅमा (पेशींना जंतूशी लढायचा निरोप देणारे प्रथिन) यांचे महत्त्व अशाच प्रयोगांतून कळले.

पण इंटरफेरॉन-गॅमाचा हुकूम माणसाची पेशी वेगळ्या रीतीने पाळते. ती ट्रिप्टोफॅन हे जंतूला लागणारे अमिनो आम्ल संपवून जंतूला उपाशी ठेवते. त्यावर जननमार्गातला ट्रॅकोमॅटिस शेजारच्या जीवाणूंकडून इंडोल हा कच्चा माल घेऊन ट्रिप्टोफॅन घरीच रांधतो! उंदराच्या पेशीचे हत्यार निराळे, वेगळ्याच प्रथिनांचे. मुरिडॅरमला त्यातून निसटता येते, ट्रॅकोमॅटिसला फारसे नाही.

मीनल_क: म्हणजे जंतू आणि यजमान, दोघेही बदली खेळाडू?

पेट्री_डिश: अगदी! आम्ही बोलताना ‘माउसमध्ये करून बघितलं’ एवढेच म्हणायचो.

जुना_खडू: मग नामाचा हट्ट सोडा, क्रियापद धरा. ‘उंदरांमध्ये संसर्ग घडवून केलेला अभ्यास’. शीर्षकात अगदीच नाम लागले तर ‘उंदीर-प्रतिमान’, पण खाली एका ओळीत फोड करा.

शेवंता: आणि ‘गुप्तरोग’ तेवढे टाळा बाई. लोकलच्या डब्यातली जाहिरात आठवते.

मीनल_क: ‘लैंगिक संबंधातून पसरणारे’ असेच लिहिलेय. एकच राहिले. पुढच्या परिच्छेदात ‘रॅट’ आहे. त्याला घूस म्हणू?

जुना_खडू: नको, घूस म्हणजे बँडिकूट. ‘मोठा उंदीर’ म्हणा.