मेकॅनिकल रूम लाइट की ऑर्डिनरी हॅझर्ड? टाकी तिप्पट होतेय

प्रश्न

पाच मजली ऑफिस इमारतीचं स्प्रिंकलर डिझाइन करतेय. एकटीने हाताळायचं हे माझं पहिलंच काम. ऑफिसचे मजले लाइट हॅझर्ड (आगीचा धोका कमी असलेला वर्ग), त्यावर कुणाचा वाद नाही. घोडं अडलंय बेसमेंटच्या मेकॅनिकल रूमवर. खोली ९ बाय १०.५ मीटर, आत दोन चिलर (एसीसाठी पाणी थंड करणारी यंत्रं), तीन पंप, एक गॅस बॉयलर. शिवाय प्रत्येक मजल्यावर १८ चौरस मीटरची एक एएचयू रूम (एसीची हवा खेळवणाऱ्या यंत्राची खोली) आहे.

आमचे वरिष्ठ म्हणतात, "लोखंड आणि पाणी, जळणार काय त्यात? इमारत लाइट, तर खोलीही लाइट." मी एनएफपीए १३ (स्प्रिंकलरचं अमेरिकन मानक) प्रमाणे ऑर्डिनरी हॅझर्ड ग्रुप १, म्हणजे लाइटच्या वरचा वर्ग, धरलाय. सहा हेडचे (पाणी फवारणाऱ्या तोंडांचे) आठ झाले, त्याचं काही नाही. पण लाइटला ३० मिनिटांसाठी साधारण २८,५०० लिटर पुरत होते, ते आता ६० मिनिटांना ९३,००० वर गेलेत. टाकीला जागाच नाही. सरांचा अनुभव माझ्या कितीतरी पट आहे, पण कॅल्क्युलेशनवर नाव माझं जाणार आहे. मी चुकतेय का?

उत्तर १

नाही, चुकत नाही आहात. आकडा मोठा दिसला म्हणून मागे फिरू नका.

मी बरीच वर्षं तयार इमारतींची तपासणी करतोय. हँडओव्हरच्या दिवशी मेकॅनिकल रूम खरंच लोखंड आणि पाणीच असते. अशीच एक खोली मी चार वर्षांनी पुन्हा पाहिली. चिलरच्या मागे एअर फिल्टरचे खोके छातीपर्यंत रचलेले, पंपाशेजारी रंगाचे डबे, कोपऱ्यात जुनी कार्पेट गुंडाळून उभी. ते सामान कुणी वाईट हेतूने ठेवलेलं नव्हतं. देखभालीच्या माणसांना दुसरी जागाच दिली नव्हती. ती खोली लाइट हॅझर्डने केलेली होती. त्या दिवसापासून नकाशावर खोलीचं नाव काय लिहिलंय ते मी नंतर वाचतो. आधी विचारतो, फिल्टर कुठे ठेवणार?

आणि मशिनरीही अगदीच निर्धोक नसते. कॉम्प्रेसरमध्ये तेल असतं, पाइपांवर रबरी फोमचं इन्सुलेशन, शिवाय केबल आणि पॅनेल. एनएफपीए १३ च्या अलीकडच्या आवृत्त्यांच्या परिशिष्टात मेकॅनिकल रूम ऑर्डिनरी ग्रुप १ च्या उदाहरणांत आहे. सरांना ते पान दाखवा, वाद घालावा लागणार नाही.

हेडचं गणित मी करून पाहिलं. आठ हेड म्हणजे प्रत्येकी ११.८ चौरस मीटर, मर्यादा १२.१ ची. ६.१ मिलिमीटर प्रति मिनिट घनतेला (म्हणजे दर चौरस मीटरला मिनिटाला ६.१ लिटर पाणी) हेडमागे मिनिटाला ७२ लिटर, के ८० च्या हेडला (१ बार दाबाला मिनिटाला ८० लिटर देणाऱ्या) ०.८ बारच्या आसपास दाब. लाइटला सहा हेडवर ०.६५ बार लागत होता. म्हणजे पाइपिंगवर फारसा ताण नाही. टाकी फुगवतात त्या दोनच गोष्टी: होजसाठीचं (आग विझवायच्या नळीसाठीचं) पाणी ३८० वरून ९५० लिटर प्रति मिनिट होतं, आणि कालावधी दुप्पट होतो.

इथे एक तरतूद तुमच्या कामाची आहे. जास्त हॅझर्डची खोली ३७ चौरस मीटरपर्यंतच असेल आणि अशा दोनपेक्षा जास्त खोल्या शेजारी नसतील, तर होज आणि कालावधी मुख्य वापराचा धरता येतो. तुमच्या एएचयू रूम त्यात बसतात. घनता ऑर्डिनरीची द्या, टाकीवर त्यांचा भार येणार नाही. बेसमेंटची खोली मात्र ९४.५ चौरस मीटर आहे, ती बसत नाही. केवळ आकडा उतरवायला तिथे पार्टिशन घालू नका. दोन वर्षांत कुणीतरी ते पाडतं आणि कॅल्क्युलेशन कागदावरच राहतं.

उत्तर २

वरच्या उत्तराशी सहमत. बॉयलरजवळचे हेड नेहमीच्या ६८ अंशांचे (त्या तापमानाला उघडणारे) ठेवू नका, तिथलं तापमान बघून ७९ ते १०७ अंशांच्या गटातले घ्या. १.२ मीटरपेक्षा रुंद डक्ट असेल तर त्याच्या खालीही हेड लागतो, म्हणजे तुमचे आठ कदाचित दहा होतील. त्या खोलीत डिझेल जनरेटर येणार असेल तर आत्ताच विचारून घ्या. इंजिन रूमसाठी एनएफपीए ३७ मध्ये १२.२ मिलिमीटर प्रति मिनिट, २३२ चौरस मीटरवर, असा हिशेब आहे. तो पार वेगळा खेळ होईल.

प्रश्नकर्ती

जनरेटर बाहेर आवारात आहे, विचारून घेतलं. पण तुम्ही फिल्टरचं लिहिलंत म्हणून आर्किटेक्टचा नकाशा पुन्हा उघडला. खोलीवर "मेकॅनिकल / स्टोअर" लिहिलंय! इतके दिवस माझ्या नजरेतून सुटलं होतं. आता ग्रुप २ घ्यावा का?

उत्तर १

स्टोअर खरंच तिथेच राहणार असेल तर हो. ग्रुप १ मध्ये मध्यम ज्वलनशील साठा २.४ मीटर उंचीपर्यंतच गृहीत आहे, ग्रुप २ मध्ये ३.७ पर्यंत. त्याच आठ हेडला ८.१ ची घनता द्यायची तर दाब १.४ बारच्या पुढे जाईल आणि पाणीही वाढेल. पण आधी आर्किटेक्टकडे शेजारी दहा-बारा चौरस मीटरची वेगळी स्टोअर रूम मागा, भिंत आणि दारासकट. ती मिळाली तर मेकॅनिकल रूम ग्रुप १ मध्ये ठेवा आणि नकाशावरून "स्टोअर" शब्द काढून घ्या. काय ठरतं ते इथे नक्की लिहा.