पात्राला अडचणीतला प्रश्न विचारा
कथा लिहिताना पात्राच्या नावाने रोजनिशी लिहायची आणि त्यात त्याला प्रश्न विचारायचे, अशी एक पद्धत आहे. या प्रश्नांमुळे पात्राची मूल्यं कळतात, पण कथेत संघर्ष काही उभा राहत नाही, अशी तक्रार असते. मला वाटतं, गोम प्रश्नाच्या धाटणीत आहे. 'तुला काय महत्त्वाचं वाटतं?' असं विचारलं की पात्र 'प्रामाणिकपणा' असं साळसूद उत्तर देऊन मोकळं होतं. त्याऐवजी विचारा, 'जिवाभावाच्या माणसापासून तू काय लपवून ठेवलंयस?' आता प्रामाणिकपणा आणि माया समोरासमोर येतात. दोन्ही चांगल्याच गोष्टी, म्हणून तर निवड जड जाते.

मी पात्राच्या आवाजात १० मिनिटं सलग लिहिते, काहीही न खोडता. एकदा माझ्या कथेतली थोरली बहीण लिहिता लिहिता बोलून गेली, "आईचं पत्र मी धाकटीला दाखवलं नाही. कपाटात चादरींच्या खाली आहे. अजून." त्या 'अजून'पाशी माझा हात थांबला. कथा तिथूनच सुरू झाली.

आणि हो, तोच प्रश्न धाकटीलाही विचारा, हे फार गरजेचं आहे. माझ्या धाकटीने पत्र कधीच वाचलं होतं आणि पुन्हा तस्संच घडी घालून ठेवलं होतं! रोजनिशीची बाकीची पानं मी कथेत घेतली नाहीत.