पायी आणि सायकलच्या रस्त्याला मराठीत काय लिहावं?

गोदाकाठ: प्रारूप प्रादेशिक योजनेतला एक भाग मराठीत करायलोय, गावात वाचून दाखवायचाय. त्यात तालुक्यापासून खेड्यांपर्यंत पायी चालणारे आणि सायकलवाले यांच्यासाठी सलग रस्ते धरलेत. मी सरळ 'पायमार्ग' लिहिलं तर तात्या म्हणले हे आधी काढ, लोक हरकती घेऊन उभे राहतील. पायमार्ग म्हणजे गावनकाशातली एकेरी तुटक रेघ, कुणाच्या तरी रानातून गेलेली, आता ती रुंद होणार असंच सगळ्यांना वाटणार. 'दुचाकी मार्ग' बी लिहिलं होतं, त्यावर हसले.

बिंदुसरा: हसणारच की भाऊ. कधीकाळी दुचाकी म्हणजे सायकल असल, आता पाटी लावून बघा, बुलेटवाले आधी घुसतील. सायकलमार्ग लिहा, विषय संपला.

शब्दवेल्हाळ: 'पदपथ' हा चांगला प्रमाण शब्द असताना एवढी ओढाताण कशाला? आपणच वापरले नाहीत तर शब्द मरतात.

मांजराकाठ: सर, पदपथ म्हणजे शहरातल्या रस्त्याच्या कडंचा फरशीचा कट्टा, ज्याच्यावर भजेवाला बसतो. हितं दोन गावांच्या मधल्या रस्त्याचं चाललंय. पांदण म्हणा ना, शेतांमधून जाणारी गावाची वाट. 2021 च्या मातोश्री योजनेत सुद्धा शेत/पाणंद रस्ते असंच लिहिलंय.

शब्दवेल्हाळ: पाणंद आणि पांदण एकच का? मला वाटतं मूळ 'पाद' असावं.

मांजराकाठ: पाद कुठला, मला तर पाणीच वाटतं! पावसाळ्यात तिचाच ओढा होतो. आमच्या काळ्या मातीतून सायकल नेऊन दाखवा, चाक आणि मडगार्डच्या मधी चिखल असा दाटून बसतो की काडीनं कोरून काढा नाहीतर सायकल खांद्यावर घ्या.

बिंदुसरा: मग सायकलच्या रस्त्याला पांदण म्हणलं तर लोक पळूनच जातील 😄 आणि पांदणीतून ट्रॅक्टर, कापसाच्या गाड्या सगळंच जातं, त्यात पायी माणसाचं काय राहिलं?

गोदाकाठ: तेच म्हणायलोय. 'पायी-सायकल रस्ता' कसं वाटतं?

शब्दवेल्हाळ: जोडशब्द ओबडधोबड आहे.

मांजराकाठ: ओबडधोबड असू द्या, कळतं तरी. आमच्याकडची पांदण तर एकानं बांध कोरत कोरत अर्धी रानात घेतली, उरलेल्यात काट्या टाकल्या. 143 खाली अर्ज करावा म्हणतोय.

बिंदुसरा: नाही हो, जमीन महसूल संहितेचं कलम 143 बांधावरून नवा रस्ता मागायला. असलेला अडवला तर मामलेदार न्यायालय कायदा 1906, कलम 5. जायचं तहसीलदाराकडंच.

गोदाकाठ: अहो माझं परवा वाचन आहे.

मांजराकाठ: त्या अर्जासाठी आधी मोजणी आणावी लागती का गावनकाशाची नक्कल पुरती?